पंचगंगेकाठी नवीन राहायला आलात? पुराआधी घराची तयारी अशी करा

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही कोल्हापुरात तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. घरमालक जुने, त्याच गल्लीत वाढलेले. ते ठामपणे म्हणाले, "२००५ ला दुसऱ्या पायरीला पाणी लागलं होतं. त्याच्या वर येत नाही." आम्ही फ्रिज टेबलावर चढवला, गाद्या दिवाणावर टाकल्या आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन मावशीकडे गेलो. परत आलो तेव्हा चिखलाची रेघ स्विचबोर्डाच्या वर होती, फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येऊन आडवा पडला होता आणि मुलीची सगळी वह्यापुस्तकं लगदा झाली होती.

जुलै २०२१ मध्ये त्याच घरात त्याहून थोडं जास्तच पाणी आलं. त्या वेळी आमचा एक दिवाण आणि एक लाकडी कपाट गेलं, बाकी सगळं वाचलं. दोन वर्षांत आम्ही काही शूर झालो नव्हतो. आम्हाला फक्त आमच्या घराचा आकडा माहीत झाला होता. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१. आपल्या घराचा आकडा शोधा

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर पाहतात. तिथं ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. नवीन माणूस हे ऐकतो आणि समजतो, की ४३ झाले की आपल्या घरात पाणी येणार, किंवा ४३ च्या आत आपण सुरक्षित. दोन्ही चूक. हे आकडे नदीचे आहेत, तुमच्या उंबऱ्याचे नाहीत. सखल भागातल्या सुतारवाड्यातल्या लोकांना ४३ पर्यंत थांबून चालत नाही. उंचावरच्या पेठांत ५० झाले तरी पाणी येत नाही, फक्त दूध आणि भाजी येत नाही.

तुम्हाला तीन आकडे हवेत:

- बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्याकडून बाहेर पडायचा रस्ता बंद होतो.
- किती फुटांना पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतं.
- किती फुटांना ते उंबऱ्याला लागतं.

हे कुठल्या नकाशावर मिळत नाही, शेजाऱ्यांकडे मिळतं. मात्र "पाणी कुठवर आलं होतं?" एवढंच विचारू नका. "तेव्हा राजाराम बंधारा किती फूट होता?" हेही विचारा. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, पिठाची गिरणीवाले आणि गल्लीतल्या तालमीची पोरं यांना हे आकडे पाठ असतात. २०१९ ला बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे आणि २०२१ ला ५६ च्या पुढे गेलं होतं. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या भिंतीवरच्या खुणा पाहूनही अंदाज येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी नदीच्या बाजूनंच येईल असं धरू नका. पंचगंगा फुगली की शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, ते मागं फिरतं. नदीपासून लांब असलेल्या घरांत ते आधी न्हाणीघराच्या मोरीतून किंवा संडासातून वर येतं. आमच्याकडे पहिलं पाणी मागच्या मोरीतून आलं, तेव्हा पुढचं अंगण कोरडं होतं.

घर विकत घेणार असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन निळी आणि लाल पूररेषा पाहा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. "शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांवर मात्र फार विसंबू नका. इथल्या माणसांनी २०१९ आणि २०२१ लागोपाठ पाहिले आहेत.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे जुन्या पुराची आठवण. २०१९ ला ज्यांचं जास्त नुकसान झालं त्यातले कित्येकजण २००५ च्या खुणेच्या भरवशावर बसलेले होते. सामान उचलायची उंची ठरवताना आजवरच्या सर्वांत वरच्या खुणेच्या वर आणखी दोन फूट धरा.

२. पावसाळ्यातले निरोप वाचायला शिका

जूनपासून व्हॉट्सअॅपवर निरोप सुरू होतात: राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, पाण्याखाली गेलेले बंधारे इतके, राधानगरीचे इतके दरवाजे उघडले. पहिल्या वर्षी मला यातलं काही कळत नव्हतं.

भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. म्हणजे तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसापेक्षा गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडी इकडचा पाऊस महत्त्वाचा. शहरात ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. "आज उघडीप आहे, कशाला आवरायचं?" असं म्हणून आम्ही २०१९ ला अख्खा एक दिवस घालवला.

राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. दिवसभर साडेअकरा हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग चालू राहिला की एक टीएमसी पाणी खाली येतं. सांगलीकरांनी राधानगरीऐवजी कोयनेचा विसर्ग पाहायचा. वारणा सांगलीच्या खाली हरिपूरला कृष्णेला मिळते, तिच्यावरही लक्ष हवं. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही येऊन मिळतात. नृसिंहवाडीला कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा उरत नाही आणि फुगवटा मागे येतो. म्हणून त्या भागात पाणी उशिरा चढतं आणि उतरायलाही फार दिवस लावतं.

पातळीपेक्षा वेग पाहा. दर तीन तासांनी आकडा एका कागदावर लिहीत जा. तीन तासांत दोन इंच चढत असेल तर तुमच्या हाती वेळ आहे. तीन तासांत फूटभर चढत असेल तर चहा नंतर घ्या. २०२१ ला पाणी इतकं भरभर चढलं, की संध्याकाळी "सकाळी बघू" म्हणणाऱ्यांना सकाळ मिळाली नाही.

दर पुरात धरण फुटल्याची एखादी आवाजाची क्लिप फिरतेच. ती पुढं पाठवू नका. १०७७ ला फोन लावला की जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाशी बोलता येतं. मोबाइलवर सरकारी इशारे मिळण्यासाठी 'सचेत' आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ही अॅप मे महिन्यातच घालून ठेवा.

३. मे महिन्यात उरकायची कामं

कागदपत्रं आधी. एका जाड प्लॅस्टिकच्या झिपच्या पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि ते घरातल्या सर्वांत वरच्या फळीवर:

- आधार, पॅन, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र
- घराचा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, शेती असेल तर सातबारा. भाडेकरू असाल तर भाडेकरार
- बँकेचं पासबुक, विम्याच्या पॉलिसी, गाडीचं आरसी
- मुलांचे दाखले आणि गुणपत्रिका
- घरपट्टीची पावती, अलीकडचं लाईटबिल
- कायम औषध चालू असलेल्यांची डॉक्टरांची चिठ्ठी

सगळ्यांचे फोटो काढून दुसऱ्या गावच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. जे डिजिलॉकरमध्ये घालता येतं ते घाला.

मग हातात मोबाइल घेऊन घराचा व्हिडिओ काढा. एकेक खोली, एकेक वस्तू, टीव्ही-वॉशिंग मशीनच्या मागचे नंबरसुद्धा. दहा मिनिटांचं काम आहे. २०१९ ला आमच्याकडे तो नव्हता. घरात काय होतं हे सिद्ध करताना तोंडाला फेस आला.

वायरमनला बोलावून तळमजल्याचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) वेगळा करून घ्या. वरच्या मजल्याचा वेगळा राहू द्या. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर ती उंच स्टँडवर जाऊ दे. गॅसच्या सिलिंडरला साखळी बांधायची सोय करा. सिलिंडर पाण्यात तरंगतो, रिकामा तर हमखास. तरंगत जाताना नळी ओढली गेली तर गॅस सुटतो.

विमा आत्ताच काढा, पाणी चढायला लागल्यावर कुणी देत नाही. 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे मिळते आणि तिच्यात पूर धरलेला आहे. घराचा विमा काढला की घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. भाडेकरूंना फक्त सामानाचाही विमा काढता येतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. इंजिनसाठी वेगळं जास्तीचं संरक्षण घ्यावं लागतं.

जायचं कुठं हेही आताच ठरवा. दोन ठिकाणं ठरवा, एक शहरातच उंचावर आणि एक बाहेर. महामार्ग बंद झाला तर बाहेरचं ठिकाण उपयोगाचं राहत नाही. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि तो कित्येक दिवस बंद राहिला.

४. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे जरूर वाचा

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला काय होणार?" असं म्हणून थांबलेली कुटुंबं मी दोन्ही वेळा बोटीतून उतरताना पाहिली. पाणी त्यांच्या घरात आलं नव्हतं. पण पार्किंगमधली मीटरची खोली बुडाली, म्हणून वीज गेली. वीज गेली म्हणून पंप आणि लिफ्ट बंद. टाकी संपली. ड्रेनेज तुंबलं, म्हणून संडास वापरता येईना. चौथ्या दिवशी घरातल्या आजींचं औषध संपलं.

इमारतीभोवती पाणी तीन दिवस राहणार असं दिसलं तर रस्ता कोरडा असतानाच बाहेर पडा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करून ठेवा, नाहीतर तिचा खर्च सगळ्या सोसायटीच्या डोक्यावर बसतो.

५. पाणी साठवा

चहूकडे पाणी आणि नळ कोरडा, हा कोल्हापुरातल्या महापुराचा हमखास अनुभव. बालिंगा, शिंगणापूर इथली उपसा केंद्रं नदीकाठी आहेत. २०१९ आणि २०२१ ला ती पाण्याखाली गेली आणि शहराचा पुरवठा थांबला, टेकडीवरच्या घरांचासुद्धा. पूर ओसरल्यावरही मोटारी दुरुस्त होईपर्यंत टँकरची वाट पाहावी लागली.

बंधारा ३९ झाला की आमच्याकडे पिंप, बादल्या, कळश्या, कुकरसुद्धा भरतो. पिण्याचं पाणी वेगळं, झाकलेलं, माणशी दिवसाला तीन-चार लिटर, निदान पाच दिवसांचं. मेडिक्लोरची (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या द्रावणाची) एक बाटली घरात हवी, मात्रा बाटलीवर लिहिलेली असते. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मगच मेडिक्लोर किंवा उकळणं.

हातात रोख ठेवा, तीही शंभर-पन्नासच्या नोटांत. वीज गेली की एटीएम आणि मोबाइलवरून पैसे देणं दोन्ही अडतं. महामार्ग बंद झाला की पेट्रोलपंपांवर रांगा लागतात.

६. पिशवी

माणशी एक, पाठीवर घेता येईल अशी. यात फार डोकं लढवू नका: दोन जोड कपडे, टॉवेल, रेनकोट, आठवड्याची औषधं, चष्मा, टॉर्च, भारलेली पॉवर बँक, चार्जर, शिट्टी, साबण, सॅनिटरी पॅड, दशम्या किंवा धपाटे, चटणी, चिरमुरे, शेंगदाणे-गूळ, बाळ असेल तर त्याचं सगळं. कागदपत्रांचं पाकीट घरातल्या सर्वांत सावध माणसाच्या पिशवीत. आमच्याकडे ती मुलगी आहे.

७. सामान उचलायचा क्रम

माणसं आधी टीव्ही उचलतात. तो हलका असतो, शेवटच्या दहा मिनिटांतही उचलता येतो. आधी उचला ते जड, आणि जे भिजलं की परत मिळत नाही ते:

१. कागद, फोटो, पुस्तकं, मुलांच्या वह्या.
२. धान्याचे डबे आणि पोती. भिजलेला गहू तिसऱ्या दिवशी असा वास मारतो, की घरात पाऊल ठेववत नाही.
३. गाद्या, रजया. भिजलेली कापसाची गादी चार माणसांना उचलत नाही.
४. वॉशिंग मशीन, मिक्सर, शिलाई मशीन, इन्व्हर्टर.
५. फ्रिज. टेबलावर ठेवून उपयोग नाही, तो तरंगतो आणि उलटतो. वरच्या मजल्यावर न्या. ते जमत नसेल तर रिकामा करून दार दोरीनं बांधा आणि खिडकीच्या गजाला आवळा.
६. कपाटांचे खालचे कप्पे रिकामे करा. लाकूड फुगलं की दार आठवडाभर उघडत नाही.

गाड्या मात्र या सगळ्याच्याही आधी, आदल्या दिवशीच, उंचावरच्या रस्त्याला. उशीर झाला की तिथं जागा मिळत नाही.

८. निघताना

मेन स्विच बंद. पाय ओले असतील किंवा बोर्डापर्यंत पाणी आलं असेल तर हात लावू नका, १९१२ वर महावितरणला कळवा. गॅसचा रेग्युलेटर काढा, सिलिंडर साखळीनं बांधा. संडासाच्या भांड्यात आणि मोरीवर वाळूची पोती ठेवा. म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं यांना पहिल्या फेरीत पाठवा, पाणी गल्लीत यायच्या आधीच.

जनावरं असतील तर तीही आधी हलवा. अगदीच वेळ नसेल तर निदान दावी सोडा. बांधलेलं जनावर जागेवर मरतं.

घरटी एका पुरुषानं "राखण करायला" मागं थांबायचं, ही आपल्याकडची वाईट खोड. माझे मेहुणे २०१९ ला असेच माळ्यावर थांबले. चोर आला नाही, साप आला. त्यांना काढायला गेलेल्या पोरांचा जीव टांगणीला लागला तो वेगळाच.

बोटीत बसायची वेळ आलीच तर लाइफ जॅकेट मागा आणि माणसं जास्त होत असतील तर पुढच्या फेरीची वाट पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांनी भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. गावाकडं गुळाच्या काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) बसून पूर ओलांडतात, तो पराक्रम पोरांना करू देऊ नका. पाणी वाहत असलेल्या पुलावरून किंवा बंधाऱ्यावरून गाडी घालू नका, गुडघ्याएवढं पाणीही पाय उचलतं.

९. पाणी उतरल्यावर

उतरतं पाणी दिसलं की सगळ्यांना घरी जायची घाई होते. उजेडात जा. गमबूट घाला, हातात काठी घ्या. कपाटामागं, गादीखाली, माळ्यावर आधी काठी फिरवा.

झाडू हातात घेण्याआधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, आणि तिच्याशेजारी उभं राहिलेलं माणूस, म्हणजे उंची कळते. मग एकेक खराब वस्तू. विम्यासाठी कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत मोडकं सामान फेकू नका. आम्ही गाडीच्या बाबतीत इथंच फसलो. मेकॅनिकनं "बघू चालू होते का" म्हणून स्टार्टर मारला, पाणी इंजिनात गेलं आणि कंपनीनं तेवढ्यावरून इंजिनचा दावा नाकारला. बुडालेली गाडी किल्ली न लावता ओढून न्यायची.

सरकारी मदतीसाठी तलाठी किंवा महापालिकेचं पथक पंचनामा करायला येतं. घरी कुणीतरी थांबा. आधार, पासबुक आणि घराचा पुरावा यांच्या झेरॉक्स तयार ठेवा. पंचनाम्यात किती फूट पाणी होतं आणि किती दिवस होतं हे लिहिलंय का ते वाचा, मग सही करा, आणि त्या कागदाचा फोटो घ्या. भाडेकरूंनी स्वतः हजर राहायचं. मालकाच्या नावावर पंचनामा झाला की आपलं सामान कुठंच दिसत नाही.

गाळ ओला असतानाच काढा. वाळला की तो फरशीला सिमेंटसारखा धरतो. वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू करू नका. पाण्याची टाकी उपसून, घासून, क्लोरीननं धुतल्याशिवाय भरू नका. पुराचं पाणी लागलेलं अन्न, औषधं, मसाले, सीलबंद पुडेसुद्धा टाकून द्या. पायाला जखम असताना चिखलात उतरलात आणि नंतर ताप आला तर घरगुती काढे करत बसू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो. डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा.

भिजलेली कागदपत्रं ओढून सुटी करू नका, फाटतात. सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालून वाळवा.

१०. हे नंबर लिहून ठेवा

कुठलीही तातडी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, महावितरण १९१२, गॅसगळती १९०६, जनावरांचा डॉक्टर १९६२. मोबाइल बंद पडतो म्हणून कागदावर, जाड मार्करनं लिहा. खाली आपल्या घराचे तीन आकडेही लिहा. कागद दाराच्या मागं, डोक्याच्या उंचीच्या वर लावा. फ्रिजवर लावू नका, तो कुठल्या खोलीत सापडेल सांगता येत नाही.